फेरसर्वेक्षणाचे राजकारण

नदीची पूररेषा आखणे हे मुळात गणिताचे काम आहे आणि ते गणित फारसे गूढही नाही. नदीच्या पाणलोट क्षेत्रात, म्हणजे ज्या डोंगरउतारांवरचे पाणी अखेर त्या नदीला येऊन मिळते त्या सगळ्या प्रदेशात, वर्षानुवर्षे पडलेल्या पावसाच्या नोंदी गोळा करायच्या, त्यांवरून एखाद्या मोठ्या पुरात दर सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहील, म्हणजेच विसर्ग किती असेल, ते काढायचे, पात्राचे ठिकठिकाणी आडवे छेद मोजायचे आणि तेवढे पाणी त्या पात्रातून जाताना दोन्ही काठांवर कुठवर चढेल ते बिंदू नकाशावर जोडत जायचे. महाराष्ट्रात अशा दोन रेषा आखल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्याला निषिद्ध क्षेत्र म्हणतात आणि तिथे शेती, उद्याने, मैदाने असे मोकळे वापरच अपेक्षित असतात. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र असून तिथे अटींवर बांधकाम करता येते.

या व्याख्येतले ‘२५ वर्षांतून एकदा’ हे शब्द सामान्य माणसालाच काय, पण सभागृहात भाषण करणाऱ्यांनाही हमखास चकवतात. एकदा पूर येऊन गेला की पुढची २५ वर्षे निर्धास्त, असा त्यांचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता चार टक्के असते आणि ती दर वर्षी नव्याने चार टक्के असते, मग आदल्या वर्षी पूर आलेला असो वा नसो. हिशेब पुढे नेला तर निळ्या रेषेवर असलेल्या घरासाठी कोणी २० वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज घेतले, तर ते फिटेपर्यंत निदान एकदा तरी पाणी त्या घरापर्यंत येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के निघते. लाल रेषेवरच्या घरासाठी हाच आकडा १८ टक्क्यांच्या घरात जातो. बँका कर्जदाराचे उत्पन्न, वय आणि जामीनदार बारकाईने तपासतात, पण हा आकडा कर्जाच्या कागदांत कुठे आढळत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर एकापाठोपाठ येणारी तीन शहरे या प्रकारच्या हिशेबाशी गेली तीस-पस्तीस वर्षे जे वागत आली आहेत, ते शासन आणि विज्ञान यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्याला पुष्कळ काही शिकवणारे आहे. या विषयाची चर्चा सहसा अमेरिकेच्या उदाहरणावरून होते, कारण तिथे हा झगडा उघडपणे आणि मोठ्या आवाजात चालतो. राजकीय विचारसरणीला न मानवणारे शास्त्रीय निष्कर्ष तिथे सरळ खोटे ठरवले जातात, निदान तसा प्रयत्न तरी होतो. उल्हासच्या खोऱ्यात विज्ञान खोटे असल्याचे कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही नेत्याने आजवर म्हटलेले नाही. इथे अहवालांचे स्वागत होते, तज्ज्ञांना पुष्पगुच्छ मिळतात, आणि मग त्या अहवालातली वस्तुस्थिती फेरसर्वेक्षणाला, उपसमितीकडे किंवा दंड भरून नियमित करण्याच्या योजनेत पाठवली जाते. शासनाची मोहोर उमटली की वस्तूचा गुणधर्म बदलतो, अशी एक श्रद्धा या सगळ्यामागे आहे, आणि ती डाव्या-उजव्या सगळ्याच पक्षांना सारखीच मानवत असल्याने तिला विचारसरणी म्हणून कोणी ओळखत नाही.

बदलापूरची भौगोलिक स्थिती प्रथम ध्यानात घ्यावी लागते. राजमाची-खंडाळ्याच्या परिसरातील सह्याद्रीच्या उतारांवरून निघालेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी असे करत बदलापुरात येते, तेव्हा घाटमाथ्यावरच्या आणि माथेरानच्या डोंगरावरच्या मुसळधार पावसाचे पाणी तिच्यात जमा झालेले असते. शिवाय टाटांच्या भिवपुरी जलविद्युत केंद्रातून वीज तयार करून सोडलेले पाणी, जे मुळात घाटावरच्या आंद्रा नदीचे आणि त्यामुळे भीमेच्या खोऱ्यातले आहे, तेही हिच्यातच येते. उन्हाळ्यातही उल्हास वाहती राहते आणि खालच्या शहरांची तहान भागवते ती यामुळे. पावसाळ्यात मात्र हीच नदी भराभर चढते. बदलापूरला तिची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर धरली जाते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये संततधार लागली की हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली, मांजर्ली या भागांतील रहिवाशांचे लक्ष या दोन आकड्यांकडे लागलेले असते; पाणी नदीकाठची चौपाटी ओलांडू लागले की लोक गाड्या उंचावरच्या रस्त्यांवर नेऊन लावतात, तळमजल्यावरचे फ्रिज आणि गाद्या पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे पोहोचतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली आणि त्या दिवशीची मुंबई सगळ्या देशाने पाहिली. त्याच पुरात बदलापूरचे सखल भागही बुडाले, परंतु त्याची चर्चा राज्याच्या पातळीवर फारशी झाली नाही. मग २७ जुलै २०१९ च्या पहाटे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे १०५० प्रवासी गाडीत होते, त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व स्थानिक गावकरी यांनी बोटींतून त्या सगळ्यांना दिवसभरात सुखरूप बाहेर काढले. त्यानंतर २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा घरांत आले. पंचवीस वर्षांच्या सरासरीला हसू यावे असे हे सोळा वर्षांतले तीन पूर आहेत, आणि या सोळा वर्षांत शहर थांबलेले नव्हते. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या ९८ हजारांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये १ लाख ७४ हजार २२६ झाली. मुंबई-ठाण्यात घर न परवडणारा नोकरदार मराठी माणूस या शहरात आला आणि त्याच्यासाठी भातशेतीच्या सखल खाचरांवर भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या. ही खाचरेच पूर्वी पुराचे पाणी काही तास पोटात धरून ठेवत.

जलसंपदा विभागाने उल्हासच्या पूररेषा जाहीर केल्या तेव्हा बदलापूर शहराचा मोठा भाग त्यांत आला आणि लगोलग फेरसर्वेक्षणाची मागणी पुढे आली. विकासकांनी ती केली, लोकप्रतिनिधींनी केली, आणि पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या रहिवाशांनीही केली. या मागणीत तथ्य अजिबात नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याने रीतसर परवानगी असलेल्या इमारतीत घर घेतले, कर भरला आणि पंचवीस वर्षांनी इमारत मोडकळीस आल्यावर ती पुन्हा बांधायला निघाला, त्याला आपले घर निषिद्ध क्षेत्रात असल्याचे अचानक कळणे हा त्याचा गुन्हा नव्हे. परवानगी देताना रेषा नव्हती, हा दोष शासनाचा. शिवाय पूररेषा ही कायमची नसते. पूल, रेल्वेचा भराव, बंधारा, काठावरची बांधकामे यांनी पात्राचा आकार बदलतो आणि नव्या मोजणीनंतर रेषा सरकू शकते, त्यामुळे फेरसर्वेक्षण आपोआप विज्ञानविरोधी ठरत नाही. प्रश्न एवढाच उरतो की मोजणीला निघण्यापूर्वीच तिचे उत्तर ठरलेले आहे का. रेषा नदीकडे सरकावी हीच ज्या मागणीची भाषा असते, आणि ती शहराकडेही सरकू शकते ही शक्यता जिच्यात बोलूनही दाखवली जात नाही, त्या मागणीला अभियंत्याकडून मोजणी नको असते, फक्त सही हवी असते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉर्थ कॅरोलायना या राज्यात नेमके हेच नाटक, पण वेगळ्या रीतीने, घडून गेले आहे. त्या राज्याच्या किनारी संसाधन आयोगाने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने २०१० मध्ये असा निष्कर्ष दिला की इसवी सन २१०० पर्यंत समुद्राची पातळी सुमारे एक मीटरने वाढेल असे धरून किनाऱ्याचे नियोजन करावे. एक मीटर या आकड्याचा अर्थ किनाऱ्यालगतच्या जमिनींच्या किमती, विमा आणि हॉटेले यांना बरोबर कळला, आणि किनारपट्टीच्या जिल्ह्यांतून त्याला विरोध उभा राहिला. पाणी वाढण्याचा वेग पुढे वाढेल हे न धरता फक्त गतकाळाच्या सरळ सरासरीनेच भाकीत करावे, अशी तरतूद असलेला मसुदा विधिमंडळात आला; त्यावर देशभर टवाळी झाल्यावर भाषा सौम्य करण्यात आली आणि २०१२ मध्ये जो कायदा झाला, त्याने २०१६ च्या मध्यापर्यंत समुद्रपातळीच्या वाढीचा दर नियमनासाठी ठरवण्यास शासकीय यंत्रणांना मनाई केली. गव्हर्नरने त्यावर सही केली नाही आणि नकाराधिकारही वापरला नाही, त्यामुळे तो विनासही लागू झाला. पुढचा अभ्यास झाला तो ३० वर्षांच्या मुदतीपुरता. शतकाच्या अखेरची एक मीटर वाढ या छोट्या चौकटीबाहेर गेली, आणि कोणत्याही शास्त्रज्ञाला खोटे न ठरवता तो आकडा नियोजनातून नाहीसा झाला. बदलापूरच्या वाचकाला यातले तंत्र ओळखीचे वाटेल.

त्या देशातला दुसरा प्रसंग महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत घडला. १ सप्टेंबर २०१९ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी डोरियन चक्रीवादळाचा तडाखा अलाबामा राज्यालाही बसेल असे जाहीर केले, आणि बर्मिंगहॅम येथील हवामान कार्यालयाने थोड्याच वेळात, अलाबामाला कोणताही धोका नाही, असा खुलासा केला. ४ सप्टेंबरला अध्यक्षांच्या कार्यालयात जो नकाशा दाखवला गेला, त्यावर वादळाच्या अधिकृत मार्गाला जोडून काळ्या मार्करने एक जास्तीचा गोल ओढलेला होता, तो अलाबामाच्या काही भागाला सामावून घेणारा. दोन दिवसांनी राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाने निनावी निवेदन काढून आपल्याच बर्मिंगहॅम कार्यालयाला चूक ठरवले. इथवरची कथा जगभर हसण्यावारी नेली गेली; पण तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. त्या प्रशासनाचे स्वतःचे लेखी ‘वैज्ञानिक सचोटी धोरण’ होते, म्हणजे शास्त्रीय निष्कर्षांत वरिष्ठांनी राजकीय कारणासाठी ढवळाढवळ करू नये याचे नियम आणि त्यांच्या भंगाची चौकशी करण्याची पद्धत लिहून ठेवलेली होती. तिच्यानुसार चौकशी झाली आणि प्रशासनाच्या तत्कालीन प्रभारी प्रमुखांनी धोरणाचा भंग केल्याचा निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाला. त्या निष्कर्षाने कोणाची खुर्ची गेली नाही हे खरे, आणि २०२५ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेचे संशोधन कार्यालयच मोडीत काढण्याचा निर्णय झाला, हरितगृह वायू मानवी आरोग्याला घातक असल्याचा त्याच संस्थेचा २००९ चा निष्कर्ष मागे घेण्याचा प्रस्ताव आला, हेही खरे. तरीही तिथे निष्कर्ष कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलला याचा कागद मागे राहतो. महाराष्ट्रातील जलसंपदा किंवा नगरविकास विभागाच्या अभियंत्याने काढलेला आकडा वरच्या टेबलावर बदलला गेला तर त्याने दाद मागावी अशी जागा त्याच्या सेवानियमांत शोधून सापडणे कठीण.

भारताने स्वतःचा या जातीचा अनुभव घेतलेला आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र शासनाला सादर केला, पण माहिती आयोगाचा आदेश आणि न्यायालयाची पायरी झाल्याशिवाय तो लोकांसमोर आला नाही. २०१२ च्या मे महिन्यात तो प्रसिद्ध झाला. या अहवालाविषयी कोकणात ‘विकासाला विरोध’ अशी हाकाटी झाली, वास्तविक त्यात निर्णय ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह होता. उल्हासचे उगमक्षेत्र त्याच घाटात आहे, त्यामुळे वर डोंगरउतारावर जे होते त्याचा हिशेब खाली बदलापुरातल्या तळमजल्यांवर होतो.

पाण्यापेक्षाही काँक्रीट अधिक हट्टी असते, आणि त्याचा दाखला बदलापूरहून दोन स्टेशने अलीकडे मिळतो. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींचे हे पाच कॅम्प तात्पुरत्या मुक्कामासाठी होते. जेमतेम १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ साली ५ लाख ६ हजारांहून अधिक लोक राहत होते, आणि जिद्दीने उभे राहिलेल्या व्यापारी समाजाची वाढ त्या बराकींत मावणारी नव्हती. जमिनीची मालकी शासनाची, निर्वासितांच्या हाती सनदा, हद्दी संदिग्ध, त्यामुळे रीतसर बांधकाम परवानगी मिळणे अवघड आणि बेकायदा मजला चढवणे सोपे, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली. या माणसांना शासनाने न्याय्य वागवले पाहिजे ही भावना प्रामाणिक होती आणि आजही आहे. गोंधळ झाला तो असा की माणसाला न्याय देण्याचे काम इमारतीला माफी देऊन उरकण्यात आले.

मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ८५५ बेकायदा इमारतींवर कारवाईचा प्रश्न उभा राहिला आणि काही इमारतींवर हातोडा पडलाही. हजारो कुटुंबे रस्त्यावर येण्याच्या भीतीने शहर पेटले. तेव्हाच्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या शासनाने २००६ मध्ये केवळ उल्हासनगर शहरासाठी एक स्वतंत्र कायदा केला, ज्यानुसार १ जानेवारी २००५ पूर्वीची बेकायदा बांधकामे शुल्क भरून नियमित करता येणार होती. असा कायदा एखाद्या शहरापुरता व्हावा ही घटना विरळी होती, परंतु तिच्यामागची वृत्ती मुळीच विरळी नव्हती; झोपड्यांच्या संरक्षणाची तारीख १९९५ वरून २००० वर आणि तिथून २०११ वर गेली, आणि भाजप-शिवसेना शासनाने २०१७ मध्ये नगररचना कायद्यात दुरुस्ती करून २०१५ अखेरपर्यंतच्या बेकायदा बांधकामांसाठी राज्यभर तोच मार्ग खुला केला. सत्ता बदलली, तारीख बदलली, कल्पना तीच राहिली. प्रत्यक्षात उल्हासनगरमध्ये या कायद्याचा लाभ फार थोड्या इमारतींना घेता आला, कारण मालकीचे कागद जुळत नव्हते, सोसायट्या स्थापन झालेल्या नव्हत्या आणि बांधणारा केव्हाच निघून गेला होता. उरलेल्या इमारती धड बेकायदा नाहीत आणि धड कायदेशीर नाहीत अशा अवस्थेत वर्षे मोजत राहिल्या. त्या अवस्थेत दुरुस्तीला परवानगी कोण देणार आणि पुनर्विकासाला कर्ज कोण देणार?

इमारत मात्र कागदांची वाट पाहत थांबत नाही. काँक्रीटमधील लोखंडी सळई सिमेंटच्या अल्कधर्मी वातावरणात सुरक्षित असते, कारण त्या वातावरणात तिच्यावर गंजरोधक असा अत्यंत सूक्ष्म थर तयार होतो. काँक्रीटमध्ये खाडीची न धुतलेली रेती पडली तर तिच्यातील मिठाचे क्लोराइड या थराला भेदते. शिवाय सिमेंट कमी आणि पाणी जास्त असेल तर काँक्रीट सच्छिद्र होते आणि बाहेरची ओल व हवा सळईपर्यंत पोहोचते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे सळई आतून काँक्रीटला ढकलू लागते, स्लॅबच्या खालच्या बाजूला भेगा दिसतात, मग पोपडे पडतात. घरातली माणसे तिथे प्लास्टर करून रंग देतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत प्रश्न मिटतो. १९९० च्या दशकाच्या मध्यास उल्हासनगरमध्ये घाईघाईने उठलेल्या इमारतींत उल्वा रेती या नावाने ओळखली जाणारी निकृष्ट रेती वापरली गेल्याचे पुढे अधिकारीही सांगू लागले. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इमारतींनी याचा पुरावा दिला: १५ मे रोजी मोहिनी पॅलेस आणि २८ मे रोजी साई शक्ती. दोन्हीकडे वरच्या मजल्याचा स्लॅब खाली आला आणि त्याच्या आघाताने खालचे स्लॅब एकामागून एक तळमजल्यापर्यंत गेले. दुसऱ्या दुर्घटनेत सात जणांचा मृत्यू झाला. टाळेबंदीचे ते दिवस असल्याने माणसे घरातच होती.

या दोन्ही इमारतींचे वय तेव्हा २६-२७ वर्षांचे होते, आणि इथे कायद्यातली एक बारीकशी तरतूद पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, ज्याला बोलीत स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात, करून घेणे मालकावर किंवा सोसायटीवर बंधनकारक आहे. ही ३० वर्षे पूर्णत्वाचा दाखला, भोगवटा परवानगी किंवा निम्म्या क्षेत्रात प्रत्यक्ष राहायला सुरुवात, यांपैकी जे आधी घडले असेल तिथून मोजायची असतात. बेकायदा इमारतीला पहिले दोन्ही कागद नसतात, म्हणजे तिचे वय ठरवायचे तर लोक कधी राहायला आले एवढाच आधार उरतो आणि त्याची नोंद असलीच तर मालमत्ता कराच्या वहीत. शिवाय ३० वर्षे हा आकडा नीट बांधलेल्या इमारतीचा विचार करून ठेवलेला आहे. ज्या इमारती सर्वांत आधी तपासायला हव्यात त्यांनाच कायदा सर्वांत उशिरा गाठतो, आणि हे २०२१ पूर्वी कोणत्याही महाविद्यालयातला स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी सांगू शकला असता. दुर्घटनेनंतर घाईने सर्वेक्षण झाले, नोटिसा लागल्या, काही इमारती रिकाम्या झाल्या, आणि नियमित करण्याच्या योजनेत सवलती देण्याचा विषय पुन्हा शासनदरबारी गेला. इमारतीच्या मजबुतीचा दाखला अशा योजनेत अर्जासोबत जोडायच्या अनेक कागदांपैकी एक असतो, तो खरे तर त्या अर्जाचे प्रवेशद्वार असायला हवा होता.

अंबरनाथची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण तिच्यात लपवण्यासारखे काही उरलेले नाही. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, तीच नदी पुढे उल्हासनगरमधून जाऊन कल्याणजवळ उल्हासला मिळते, आणि या जेमतेम काही किलोमीटरच्या प्रवासात तिच्यात रासायनिक कारखान्यांचे पाणी, जीन्स धुण्याच्या कारखान्यांचा निळा रंग आणि दोन शहरांचे सांडपाणी येते. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस नदीत सोडलेल्या रसायनांतून विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरमधील शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यापूर्वीच एका पर्यावरण संस्थेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता, आणि २०१५ मध्ये लवादाने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व स्थानिक स्वराज्य संस्था या दोघांवरही कोट्यवधी रुपयांची जबाबदारी टाकली. सामायिक प्रक्रिया केंद्र म्हणजे अनेक छोट्या कारखान्यांचे पाणी एकत्र आणून शुद्ध करण्याची सोय. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात ते जैविक प्राणवायू मागणी या मापाने तिथे मोजतात आणि ठरलेल्या मर्यादेत आल्यावरच पाणी सोडायचे असते. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे हे आकडे आहेत, नियमितपणे आहेत. पण कारखाना बंद करा म्हटले की रोजगाराचा प्रश्न येतो, आणि तो खोटा नसतो. उल्हासनगरमधील जीन्सचे धुलाई कारखाने न्यायालयीन आदेशांनी बंद झाले तेव्हा त्यांतले काही शेजारच्या ग्रामीण हद्दीत जाऊन पुन्हा सुरू झाले. पालिकेच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता, कारण कारखाना तिच्या हद्दीबाहेर गेला होता.

पुन्हा बदलापूरच्या पूररेषेकडे यायचे तर २ डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागांत लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने एक वाट काढून दिली आहे. निळ्या रेषेच्या आत असलेल्या जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास करता येईल, मात्र नव्या इमारतीचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असले पाहिजे. त्या इमारतीत राहणाऱ्यासाठी हा नियम शहाणपणाचा आहे. पण पाऊस तेवढाच पडणार आणि नदीला तेवढेच पाणी येणार असल्याने, प्रत्येक नव्या जोत्याखाली टाकलेल्या भरावाने जी जागा अडवली तिथले पाणी शेजारी सरकते, आणि शेजारी अजून पुनर्विकास न झालेली बैठी चाळ असते. अशा पंधरा-वीस भूखंडांवर भराव पडला की ज्या लाल रेषेवरून जोत्याची उंची मोजली ती रेषाच वर चढलेली असते. प्रत्येक परवानगी स्वतंत्रपणे तपासली तर नियमात बसते आणि सगळ्या मिळून नियमाला निकामी करतात, हे नगररचना विभागाच्या एकेका फाइलीत दिसणे शक्य नाही. ते दिसण्यासाठी भरावांची एकत्र नोंद नदीच्या नकाशावर ठेवावी लागेल.

म्हणून फेरसर्वेक्षण व्हायचेच असेल तर त्याच्या निष्कर्षापेक्षा त्यात वापरलेले तीन आकडे नागरिकांनी आधी मागायला हवेत. पहिला, पावसाच्या नोंदी कोणत्या वर्षांच्या घेतल्या आणि त्यांत २००५, २०१९ व २०२१ हे पूर धरले की अपवाद म्हणून वगळले. दुसरा, पात्राचे आडवे छेद कोणत्या साली मोजले, म्हणजे अलीकडचे भराव पडण्यापूर्वी की नंतर. तिसरा, खरबरीतपणाचा गुणांक काय धरला. झाडेझुडपे, बांधकामे आणि गाळ यांनी पाण्याचा वेग किती मंदावतो ते सांगणारा हा आकडा असून तो थोडासा कमी धरला तरी पाणी झटपट निघून जाते असे गणित दाखवते आणि रेषा नदीकडे सरकते. या तिन्ही गोष्टी कळण्यासाठी पदवी लागत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ ने लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची सर्व संबंधित तथ्ये स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन शासकीय यंत्रणांवर घातलेले आहे. त्यासाठी अर्ज, दहा रुपयांचा मुद्रांक आणि महिनाभराची वाट यांचीही गरज पडायला नको. बदलापूरच्या पूररेषेचा सुधारित नकाशा जेव्हा केव्हा नगरपरिषदेच्या फलकावर लागेल, तेव्हा त्याच्या शेजारी या तीन आकड्यांचे एक पान लावण्याला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.